वीस मिनिटं

परड होती, डोमा म्हणाला,
कुकरावानी शिटी मारे जी.
म्यां पाह्यली, पण मारली नाई.
काठी घेऊन तिच्या मागं लागलो असतो
तं बाकीची एकसष्ट धानात घुसली असती.

माणसाला चावते ती पायाला, पोटरीला,
फार तर गवत कापणाऱ्या हाताला.
गाय मात्र नाकानं बघते.
काही हललं, काही फुसफुसलं
की आधी ओली नाकपुडी पुढे करते:
कोण गं तू?

कवडीला उत्तर मिळालं
वरच्या ओठावर, डाव्या अंगाला.
दोन ठिपके, मध्ये करंगळीच्या पेराएवढी जागा.
पारशिवनीहून मी पोचले
(नाल्यात स्कूटी बंद, शेवटचे तीन किलोमीटर पायी)
तोवर तोंडाचं मडकं झालेलं,
लाळेत लाल धागे,
आणि तिचा श्वास
आता परडीसारखाच वाजत होता.

पोळ्याला लावलेला गेरू
शिंगावर अजून तसाच.

मानेच्या शिरेतून दोन मिली रक्त काढलं,
काचेच्या कोरड्या नळीत घातलं,
नळी पळसाच्या बेचक्यात उभी केली.
हलवायची नाही, मी म्हटलं. वीस मिनिटं.
काऊन?
गोठलं तर विष कमी.
पाण्यासारखंच राहिलं तर...
समजलं, तो म्हणाला. दही लागते का पाह्याचं.

मग आम्ही दोघं त्या विरजणापाशी बसलो.

त्यानं मालकाला फोन लावला.
गाय उरकुडेंची, दूध उरकुडेंचं,
डोमाला डोईमागे महिन्याचे दीडशे.
स्पीकरवर उरकुडे म्हणाले, किती लागन?
मी आकडा सांगितला.
पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला,
मग पुन्हा चालू झाला.
पाहतो जी मी, म्हणाले.

नऊ मिनिटं.
उरलेल्या गाई पाठ करून चरत होत्या,
एक गोऱ्हा तेवढा पुन्हा पुन्हा
त्याच झुडपाकडे जात होता
आणि डोमा जागेवरूनच त्याला
त्याच्या आजीच्या नावानं शिव्या देत होता.
कवडीचा गळा त्यानं मांडीवर घेतला होता.
बोटांनी तो गोचिडं काढत होता एकेक,
जणू उद्या बाजार आहे.

एकवीस मिनिटं झाली, मी मुद्दाम एक जास्त दिलं.
नळी तिरकी केली.
काचेवरून रक्त घरंगळत गेलं,
पावशेर दुधात दोन तांबे पाणी घातल्यासारखं.

माझ्या डब्यात दोन कुप्या होत्या,
गांधीबागेतून स्वतःच्या पैशानं आणलेल्या,
बिल अजून पर्समध्ये.
दवाखान्याच्या फ्रिजमधल्या माणसांसाठी.
तिथे मागायला गेले की कंपाउंडर हसतो,
वाईट नाही हसत, नुसता हसतो.

कुपीत पांढरी पूड. सलाईन घातलं,
तळहातावर हळू फिरवली, फेस येऊ नये म्हणून.
कायचं औषध हाय हे?
घोड्याच्या रक्ताचं, मी म्हटलं.
घोड्याला थोडंथोडं विष देतात,
तो सोसतो, मग त्याचं रक्त काढतात.
डोमा बराच वेळ गप्प.
सलाईनची बाटली त्यानं डोक्यावर धरली होती,
हात थरथरत होता, खाली येत नव्हता.

त्या घोड्याचं नाव काय हाय?

बासष्ट जनावरांची नावं माहीत असलेल्या माणसाला
मी लेबलवरचा बॅच नंबर वाचून दाखवला.
हे नाव नाई जी, तो म्हणाला.

रात्री साडेनऊला दुसरी नळी.
मोबाईलच्या उजेडात, उरकुडेंच्या गोठ्यात,
भिंतीवर आमच्या सावल्या वाकलेल्या.
तिरकी केली. तळाशी
एक काळपट गोळी बसून राहिली,
वरचा पातळ भाग तिच्याभोवती फिरला.
डोमानं नळीकडे पाहिलंच नाही.
तो कवडीच्या नाकासमोर तळहात धरून
वारा मोजत होता.

अर्धं लागलं, मी म्हटलं.
अर्धं.
हाव, तो म्हणाला. रात्र हाय ना अजून.